कैतानची गोरखचिंच

कैतान माझ्याशी पहिल्यांदा बोलला तो असा: "ए, ऊठ तिथून. तिच्या पायावर बसलास."

मी इकडेतिकडे बघितलं. बाई कुठे दिसेना. पाली गावाच्या मागच्या अंगाला, गल्ली संपते तिथे एक मोकळी वाडी आहे. त्या वाडीत एका झाडाच्या मुळीवर मी बसलो होतो. समोर एक म्हातारा उभा. हाफ पँट, बनियन, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. अंगानं पार वाळलेला, पण पंजे एवढे मोठे की दुसऱ्या कोणाचे तरी आणून लावल्यासारखे.

"कोणाच्या पायावर?"

"हिच्या." म्हशीच्या पाठीवर मारतात तशी त्यानं खोडावर थाप मारली. "मोठ्या माणसाच्या पायावर बसतात काय? बाजूला दगड हाय, त्यावर बस."

मला राग आला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कोणी असं उठवतं का? म्हटलं, "झाडाला काय कळतंय?"

"तुना काय कळतंय?" तो म्हणाला आणि स्वतःच दगडावर बसला. मग थोडा सरकला. म्हणजे मला जागा केली.

माझी बायको सुमन जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता. मीरा रोडला सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या घरात दिवसभर कोणी नसतं, मुलगा कामावर, सून कामावर. मला घरात बसवत नव्हतं. मी जेवून बाहेर पडायचो, भाईंदर स्टेशनबाहेर उत्तनकडची बस उभी असायची, तिच्यात बसायचो. सुमन सुक्या बोंबलांसाठी इकडे यायची म्हणून तेवढी एक वाट मला ठाऊक होती. उतरायचं, चालायचं, कुठेतरी बसायचं आणि परत यायचं. त्या दिवशी त्या मुळीवर बसलो.

"बायको कुठे हाय तुझी?" त्यानं विचारलं.

"गेली."

"कंदी?"

"दीड महिना झाला."

वाईट झालं, धीर धरा, देवाची मर्जी, यातलं तो काहीच बोलला नाही. नुसतं म्हणाला, "मग उद्या पण ये. इथे कोण काय विचारत न्हाय."

मी म्हटलं, "तुम्ही आत्ताच विचारलंत."

"आता विचारून झालं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. मग जातच राहिलो, जवळजवळ वर्षभर.

आता झाड. ते गोरखचिंचेचं होतं. मी तोवर ते नाव ऐकलेलं नव्हतं. चौथी शिकलेला मी, पुढची चाळीस वर्षं झुल्यावर लटकून इमारती रंगवल्या. मोठी वस्तू समोर आली की याला किती डबे रंग लागेल, हे माझ्या डोक्यात आपोआप येतं. त्या झाडापुढे मला अंदाज बसेना. खोड एका खोलीएवढं. उंचीपेक्षा जाडीच जास्त, त्यामुळे झाड उभं आहे असं वाटत नाही, बसलंय असं वाटतं. साल राखाडी, गुळगुळीत, आणि म्हाताऱ्या बाईच्या कोपराला पडतात तशा तिला घड्या. ठिकठिकाणी जुन्या जखमा भरून आलेल्या, कडेनं ओठांसारखं मांस वर आलेलं. आणि वर त्या सगळ्या अगडबंब अंगाला अगदी नाजूक पानं, पाच बोटं पसरलेल्या पोराच्या हातासारखी. जुलै होता, झाड गच्च भरलेलं होतं. मी त्याभोवती एक फेरी मारली तर मध्येच विसरलो की निघालो कुठून होतो.

"किती वर्षांची असेल?" मी विचारलं. तो तिला म्हातारी म्हणायचा, म्हणून मीही तसंच बोलायला लागलो होतो.

"माझा आज्या सांगायचा, त्याच्या आज्याच्या लहानपणी ती एवढीच होती. बास. त्याच्या मागे कोणाला ठाऊक न्हाय."

"लोक म्हणतात पोर्तुगीजांनी आणली. कोणी म्हणतं आफ्रिकेच्या खलाशाच्या खिशात बी होतं."

"कोणी बगितलाय? बगायला होती ती एकटी हीच. हिला विचार."

कैतान होड्या बांधायचा. पाली, उत्तन, चौक, सगळ्या गावांत त्याच्या हातच्या होड्या होत्या. आता फायबरच्या आल्या, त्याचं काम कधीच संपलेलं. पण सवयी तशाच. कुठेही गेला तरी लाकडावर बोटाच्या पेरानं टकटक करणार आणि कान लावणार. चहाच्या दुकानाच्या बाकड्यावर टकटक, चर्चच्या बाकड्यावर टकटक. "हा आंबा. हा साग. आणि हा कागद हाय, वरून सागाचा फोटो चिकटवलाय." एकदा माझ्या मुलानं त्याला घरी जेवायला बोलावलं होतं. आला तो सुनेच्या नव्या डायनिंग टेबलावर टकटक करून गप्प बसला. सून म्हणाली, "काका, सागवान आहे ना?" कैतान म्हणाला, "बाळा, जेवण लय चांगला हाय."

मोजमाप सगळं हातांचं. दोन्ही हात पसरले की एक वाव, कोळी दोर मोजतात तसं. गोरखचिंचेला मिठी मारत मारत तो मोजायचा. गाल खोडाला लावायचा, हात पसरायचा, बोट जिथे पोचलं तिथे खडूची खूण, मग पुढची मिठी. आठ वाव आणि वर चार बोटं. दोन महिन्यांनी पुन्हा मोजायचा. मी म्हटलं, एवढ्यात काय वाढणार? तर म्हणाला, "वाढली काय बगायला कोण मोजतोय?"

झाडं लावायची म्हणून शहरातून माणसं यायची कधीकधी. एकसारखे टी-शर्ट, हातात रोपं, फोटो. एकदा त्यांनी या झाडाला पाठ करून फोटो काढला. कैतान ओरडला, "ए, तिच्याकडे तोंड करा रे जरा, तुमच्यापेक्षा ती चांगली दिसते!" मुलं हसली. त्यातल्या एका मुलीनं मात्र वळून वर बघितलं आणि तिचं हसणं थांबलं. बाकीचे गाडीत जाऊन बसले, तिला हाका मारत होते, ती हलेना. कैतान मला कोपर मारून म्हणाला, "बग, म्हातारी लागली हिला."

त्याच जुलैमध्ये त्यानं मला फूल दाखवलं. म्हणाला, आज संध्याकाळची बस सोड, पुढचीनं जा. दिवस बुडायला आला तसं मला एका खालच्या फांदीखाली उभं केलं. लांब देठावर उलटी टांगलेली कळी होती, पेरूएवढी, हिरवी.

"काय आहे?"

"बोलू नको. बग."

बघत राहिलो. मान दुखायला लागली. मग कळीला खालून चीर गेली. आणि पाकळ्या हलायला लागल्या. वाऱ्यानं नव्हे, स्वतःहून. हळूहळू मागे वळत गेल्या, जशी एखादी बाई भिजलेले केस मागे टाकते. माझ्या डोळ्यांसमोर ते फूल उघडलं. पांढरं, माझ्या पंजाहून मोठं, मध्ये पावडरच्या पफसारखा गोंडा. उमललेली फुलं मी जन्मभर बघितली, हारात, देवळात, मयताला. पण उमलताना एकही बघितलं नव्हतं. सत्तर वर्षं मी काय बघत होतो कोण जाणे.

वास काही बरा नव्हता, नासक्या फणसासारखा. मी नाक मुरडलं.

"तुझ्यासाठी न्हाय तो," कैतान म्हणाला. "वटवाघळांसाठी हाय. उद्या दुपारपर्यंत फूल खाली. मना सकाळी उठताना कंबर धरते तर मी घर डोक्यावर घेतो. आणि ही बग, एवढ्या वयाची, रोज नवीन नटते."

सुमनला हे दाखवायला पाहिजे होतं, असं माझ्या मनात आलं. परत येताना बस चुकली आणि रिक्षा मिळेपर्यंत मी रस्त्यावर उभा होतो, तरी त्या दिवशी मला घरी जायचा कंटाळा आला नाही. कोणाला तरी सांगायला काहीतरी होतं. सुनेला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, व्हिडिओ का नाही काढला?

नोव्हेंबरात ख्रिस्ती लोकांचा मेलेल्यांचा दिवस असतो. सगळं गाव कबरी साफ करतं, फुलं ठेवतं, मेणबत्त्या लावतं. कैतान मला घेऊन गेला. त्याच्या बायकोची कबर, आईबापाची, एका भावाची. प्रार्थना झाली. मला वाटलं आता घरी. पण त्याच्या पिशवीत अजून मेणबत्त्या होत्या.

"चल," म्हणाला. "अजून चार जण राहिलेत."

आम्ही चालत चालत रस्त्याला आलो. एका नव्या बंगल्यांच्या कॉलनीचं गेट होतं. गेटच्या खांबाशी, खाली, कैतान गुडघ्यावर बसला आणि त्यानं मेणबत्ती पेटवली. वॉचमन धावत आला.

"ए अंकल, इधर नहीं लगाने का! कोई मर गया है क्या इधर?"

"हां."

"कौन?"

"आम," कैतान म्हणाला.

वॉचमनला वाटलं म्हातारा सरकलाय. त्यानं माझ्याकडे बघितलं.

कैताननंच सांगितलं, मोडक्या हिंदीत. इथे आंब्याचं झाड होतं. दोन माणसांच्या कवेत न येणारं. ते त्यानं स्वतः कापलं होतं, त्याच्या पहिल्या मोठ्या होडीसाठी. होडी चांगली झाली. पंचवीस वर्षं चालली. "झाड रहता तो अभी भी चलता," तो म्हणाला.

वॉचमननं वाकून मेणबत्तीकडे बघितलं. मग त्यानं आपली प्लॅस्टिकची खुर्ची उचलून मेणबत्तीच्या समुद्राकडच्या बाजूला ठेवली, वारा अडावा म्हणून.

बाकीची तीनही त्यानंच कापलेली. एक उंडी, एक साग, आणखी एक आंबा. एकाच्या जागी आता पाण्याची टाकी, एकाच्या जागी दुकान, एकाच्या जागी नुसता खड्डा. त्याला प्रत्येकाचं सगळं पाठ होतं, फांदी कुठल्या बाजूला झुकलेली, कापताना कुठला पक्षी उडाला, पडताना आवाज कसा आला. "शंभर तरी कापली असतील मी," म्हणाला. "सगळ्यांना मेणबत्ती परवडत न्हाय. पण ही चार मोठी होती. मोठ्यांना मारलेलं विसरता येत न्हाय."

फादरनी त्याला एकदा समजावलं होतं म्हणे, कैतान, झाडाला आत्मा नसतो. तर हा त्यांना म्हणाला, "फादर, तुम्ही कंदी कुऱ्हाड मारून बगितली काय?"

परत येताना पिशवीत एक मेणबत्ती उरली. ती त्यानं माझ्यापुढे धरली. "तुझ्या बायकोला लाव."

"आमच्यात नाही लावत."

"मग धर नुसती."

मी बसमध्ये ती न पेटवलेली मेणबत्ती हातात धरून मीरा रोडपर्यंत आलो.

डिसेंबरात म्हातारीची पानं गळाली. ते तिचं दरवर्षीचंच. सहा-सात महिने ती उघडीबोडकी असते. ज्याला ठाऊक नाही त्याला वाटतं मेली. मलाही वाटलं. कैताननं हसून नखानं साल जराशी खरवडली. वरचा राखाडी पापुद्रा गेला आणि खाली हिरवंगार. पोपटी म्हणा. पानाशिवाय नुसत्या कातडीनं ऊन खात बसलेली ती.

आणि फेब्रुवारीत भर दुपारी तिची एक मोठी फांदी पडली.

वाडी होती कैतानच्या पुतण्याची, एल्विसची; त्याचं घर तिच्या कडेलाच. पोरगा वाईट नाही. जहाजावर नोकरी करून आलेला, समुद्र बघायला येणाऱ्या लोकांसाठी त्याला तिथे दोन खोल्या काढायच्या होत्या. काकाला तो बाबाच म्हणायचा, त्याचा मान ठेवून झाडाला हात लावला नव्हता. त्या दुपारी त्याची बायको कपडे वाळत घालून घरात वळली आणि मागे ती फांदी भिंतीवर आली. भिंत फुटली. कपडे फांदीखाली. मी पोचलो तेव्हा ती पायरीवर बसली होती आणि एल्विस तिच्या पाठीवरून हात फिरवत होता.

फांदी जिथून तुटली तिथून काळं पाणी वाहत होतं, आंबूस वासाचं. आतलं लाकूड भिजलेल्या पावासारखं झालेलं. कैतान वाकून बघत होता. त्या लगद्यात त्यानं हात घातला, काहीतरी उपसून काढलं, बघितलं आणि खिशात टाकलं. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. मी विचारलं काय सापडलं. तो म्हणाला, "काय न्हाय."

दोन दिवसांनी एल्विसनं नया नगरहून झाडं कापणारा माणूस बोलावला. सलीमभाई म्हणून, शांत माणूस. त्यानं झाडाभोवती एक चक्कर मारली आणि कैताननं न सांगताच नखानं साल खरवडली. "ज़िंदा है," म्हणाला. मग समुद्राकडच्या बाजूला जाऊन खरवडली. तिथे खाली हिरवं नव्हतं, तपकिरी होतं. "इधर का गया." मग वर बघत बघत तो स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला, "इतना बड़ा मैंने कभी काटा नहीं. ऊपरवाला कटवाए भी नहीं."

एल्विस म्हणाला, "अर्धं मेलंय म्हणजे उरलेलं पण पडणार. बाबा, मी काय करू सांगा. म्हातारं झालं झाड. वारा लागला, पडली फांदी. तुमचा दोष न्हाय, कोणाचा न्हाय."

तेव्हा कैताननं खिशातून ती वस्तू काढली. काळा, चिकट कापसाचा गोळा.

"म्हातारी म्हणून न्हाय पडली," तो म्हणाला. "हा मी ठासलेला हाय."

कोणाला काही कळेना. मग त्यानं सांगितलं. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यानं बघितलं की फांदीच्या बेचक्यातल्या ढोलीतून पाणी ठिबकतंय. भर उन्हाळ्यात पण, थेंब थेंब. त्याला वाटलं, गळतेय. जन्मभर त्यानं काय केलं होतं? होडी गळायला लागली की फळ्यांच्या फटीत कापूस ठासायचा आणि वरून राळ चोपडायची. तेच त्यानं इथे केलं. तीन ठिकाणी. गळती थांबली. तो खूश झाला.

"होडीत पाणी बाहेरून आत येतं," तो म्हणाला. "हिचं आतून बाहेर जात होतं. ती काढून टाकत होती. मी तोंड बुजवलं तिचं. एवढा फरक मना कळला न्हाय."

एल्विसनं वळून फुटलेल्या भिंतीकडे बघितलं. मग म्हणाला, "बाबा, माझी बायको मेली असती."

"हां."

"आणि आमच्यावर ओरडायचात. फांदीला दोरी बांधू नका. खिळा मारू नका. पोरांना झोका बांधू दिला न्हाय तुम्ही."

"हां," कैतान म्हणाला. त्यानं मान खाली घातली नाही. सरळ पुतण्याच्या तोंडाकडे बघत होता. "जूनपर्यंत दे मना. बाकीची दोन भोकं उघडतो. जूनमध्ये पानं आली तर ठेव. न्हाय आली तर मी स्वतः दाखवतो कुठून कापायची. तुझ्या घरावर पडू देणार न्हाय. ते काम मना येतं."

हे बोलून त्यानं तो गोळा परत खिशात टाकला.

एल्विस म्हणाला, "ठीक हाय. पण पानं म्हणजे पानं. एका काडीला चार आली, ते चालणार न्हाय."

ती भोकं वर होती, दोन माणसांच्या उंचीवर. कैतानला शिडीवर चढवायला कोणी तयार होईना, वय चौऱ्याऐंशी. मी म्हटलं, परांची बांधू. ते माझं काम. एल्विसनं बांबू आणले, मी सुतळीनं जोड बांधले, वर फळ्या टाकल्या. झाडाला एकही दोर आवळला नाही, चारही बाजूंनी परांची आपल्या पायांवर उभी केली. इमारतीला एवढं जपून कधी बांधलं नव्हतं. कैतान वर आला, हातात छिन्नी आणि लाकडी ठोकळा. त्यानं कान खोडाला लावला. पेरानं टकटक केली. छिन्नी लावायच्या आधी तो थांबला.

"काय झालं?"

"हिला मी कंदी लोखंड लावलं न्हाय," म्हणाला.

मग मारायला लागला. हलकेच. काळी राळ दगडासारखी झाली होती, तुकडा तुकडा निघत होती. पहिला बोळा निघाला आणि आतून पाणी आलं. काळं. जोरात. कैतानचे हात, माझ्या बाह्या, फळी, सगळं भिजलं. वास असा की मी तोंड फिरवलं. मग काळ्याचं तपकिरी झालं आणि येतच राहिलं. थांबेना. एवढं कुठे साठवलं होतं बाईनं? कैतान तोंडानं "जा, जा, जाऊ दे" असं म्हणत होता, आणि ते तो कोणाला म्हणत होता ते मला कळलं नाही. मी खाली उतरलो आणि वाडीतल्या नळाखाली हात धरले. हात स्वच्छ झाले तरी मला नळ बंद करवेना. एल्विसच्या बायकोनं येऊन तो बंद केला आणि माझ्या हातात चहाचा कप दिला. कैताननं वरून हाक मारली नाही.

दोन दिवस झाड ठिबकत होतं. तिसऱ्या दिवशी पाणी स्वच्छ आलं.

एप्रिलमध्ये कैतान मोरीत पडला आणि कमरेचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, या वयात आता उभं राहणं कठीण. घर त्याचं दोन गल्ल्या सोडून, तिथून झाड दिसत नाही. मी गेलो की पहिला प्रश्न: "आली काय?"

"नाही."

मे आला. गावातल्या बाकीच्या झाडांना पालवी फुटली. ती मात्र उघडीच. उलटी उपटून लावल्यासारखी. बघायला येणारे शेजारी त्याला धीर द्यायचे, येतायत, बाबा, कोंब दिसतायत. तो ऐकून घ्यायचा आणि ते गेले की मला विचारायचा. एकदा त्याची मुलगी मला बाहेर घेऊन गेली. "काका, तुम्ही पण हो म्हणा ना. काय जातं?" मी म्हटलं, मला नाही जमणार. आतून कैतानचा आवाज आला, "त्याला जमत न्हाय, म्हणून तर त्याला विचारतो."

जूनचा पहिला आठवडा गेला. एल्विस काही बोलला नव्हता, पण खोल्यांसाठी विटा येऊन पडल्या होत्या. मला बसमधून उतरल्यावर त्या गल्लीत पाय टाकायची भीती वाटायला लागली. मनात ठरवलं होतं, नाही आली तर त्याला सांगणार. पण कसं सांगणार ते ठरत नव्हतं.

मग तीन दिवस टाळून एका सकाळी गेलो आणि वर बघितलं. रस्त्याकडच्या फांद्यांच्या टोकांना काहीतरी लागलं होतं. मला वाटलं डोळ्यातलं पाणी. चष्मा पुसला. हिरव्या मुठी होत्या, वळलेल्या. एका काडीला नव्हे. या टोकापासून त्या टोकापर्यंत, जिथे बघावं तिथे. समुद्राकडची बाजू तेवढी कोरडी.

एल्विस दारात उभा होता, हातात ब्रश, तोंडात पेस्ट. माझ्याआधी त्यानं बघितलं होतं. थुंकून तो म्हणाला, "आज न्हाय, परवापासून आलीत. मोजत होतो." मग म्हणाला, "चला, बाबाला आणू."

प्लॅस्टिकच्या खुर्चीत घालून, शेजारचे दोघं धरून, आम्ही चौघांनी त्याला उचललं. पालीच्या गल्ल्या त्या, समोरून बाईक आली तर माणूस भिंतीला चिकटतो. दोन बाईकवाले मागे गेले, एकानं हॉर्न मारला तर कैताननं खुर्चीतूनच त्याच्या बापाचं नाव घेतलं. वाडीत पोचलो. खुर्ची मी खोडापासून जरा लांब ठेवली.

"आली?"

"आलीत," मी म्हटलं. "सगळीकडे. समुद्राकडची बाजू नाही आली. ती मेली."

"ती माझी," तो म्हणाला.

एल्विस त्याच्या बाजूला खाली बसला. "तेवढी काढायला लागेल, बाबा. सलीमभाईला सांगतो, रीतसर परवानगी घेतो. कुठून कापू, दाखवा."

कैताननं बोटानं हवेत रेघ मारली. "तिथून. बेचक्याला धक्का न लावता. आणि बुजवू नको. उघडं सोड, ती करते तिचं काम."

त्या आठवड्याच्या शेवटी तो गेला. त्या दिवसानंतर मी त्याला जिवंत बघितलं नाही, म्हणून मला तेवढंच नीट आठवतं. दुपारच्या बसची वेळ झाली होती, मी निघालो. गल्लीच्या तोंडाशी मागे वळून बघितलं. जन्मभर त्यानं झाडं बुंध्यापासून पहिल्या फांदीपर्यंत बघितलेली, होडीची फळी तेवढ्यातच असते. वर काय चाललंय ते त्याला लागत नव्हतं. त्या दिवशी तो वर बघत होता. मान मागे, आणखी मागे, इतकी मागे की प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पुढचे दोन पाय जमिनीवरून उचलले गेले होते. तोंड उघडं. आवाज माझ्यापर्यंत आला: "एवढी मोठी हाय काय ही?" आणि एल्विस मागे उभा होता, दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ घट्ट धरून, काकाला आणखी मागे झुकू देत.